देव सरनाम्याबाहेर, सरकार देवळात

१७ ऑक्टोबर १९४९. दिल्लीत घटना समितीचे काम संपत आले होते. सगळी कलमे हातावेगळी करून शेवटी सरनामा चर्चेला घेतला होता. त्या दिवशी पहिली गंमत केली मौलाना हसरत मोहानींनी. देशाला सोव्हिएत संघराज्याच्या धर्तीवर समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ म्हणा, अशी उपसूचना एका मौलानांनी मांडावी, हे फक्त त्याच सभागृहात शक्य होते. ती अर्थातच पडली. मग हरि विष्णू कामत उठले.

कामत मूळचे मंगळूरकडचे, निवडून आले होते मध्यप्रांत-वऱ्हाडातून. आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेला हा माणूस. घटना समितीत त्यांनी तोंड उघडले नाही असा दिवस क्वचितच गेला असेल. त्यांची मागणी साधी होती. सरनाम्याची सुरुवात ‘आम्ही भारताचे लोक’ अशी आहे, तिच्या आधी ‘ईश्वराच्या नावाने’ एवढे जोडा. केलेले कर्म ईश्वराला अर्पण करावे हा गीतेतला विचार त्यांनी आधाराला घेतला. गोविंद मालवीयांची उपसूचना आणखी भरघोस होती, त्यांना विश्वाचा स्वामी असलेल्या परमेश्वराची कृपा हवी होती. मदनमोहन मालवीयांच्या चिरंजीवांकडून याहून कमी अपेक्षा कोण करणार? शिब्बनलाल सक्सेनांना देवाबरोबर गांधीजींचेही नाव हवे होते. त्यावर आचार्य कृपलानींनी सांगितले की गांधीजींबद्दल आदर असेल तर उद्या बदलू शकणाऱ्या या कागदात त्यांना ओढू नका. सक्सेनांनी आपली सूचना मागे घेतली. कामत मात्र हटले नाहीत.

आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, ईश्वर कशाला, देवीचे नाव घ्या. कामाख्येच्या भूमीतून आलेल्या शाक्ताचा हा प्रश्न थट्टेचा वाटतो, पण मुद्द्याचा गाभा त्यातच आहे. देवाचे नाव घ्यायचे ठरले की पुढचा प्रश्न येतोच: कोणत्या देवाचे? पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवले की देवावर मत देण्याचा अवघड प्रसंग आमच्यावर आणू नका. हृदयनाथ कुंझरूंचा सूर कडक होता. देवाच्या नावाने आपण संकुचितपणाच दाखवतो आहोत, आणि तो या घटनेच्या वृत्तीशी विसंगत आहे, असे ते म्हणाले. त्रावणकोरचे पट्टम थाणू पिळ्ळै म्हणाले की मी स्वतः आस्तिक आहे, पण देव मानायचा की नाही हा ज्याचा त्याचा हक्क आपणच या घटनेत दिला आहे, मग पहिल्याच ओळीत सक्ती कशी करता?

कामतांनी मतदान मागितले. हात वर झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. देवाचे नाव सरनाम्यात आले नाही. आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे, देव भारताचे रक्षण करो, असे म्हणून कामत खाली बसले.

ही गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते ती बहुधा एवढीच, आणि तिचे तात्पर्यही ठरलेले असते. कुणी म्हणतो, बघा, तेव्हाच धर्माला राज्याबाहेर काढले. दुसरा म्हणतो, बघा, तेव्हाच आपण संस्कृतीकडे पाठ फिरवली. दोघांनीही पुढची पाने उलटलेली नसतात. ज्या समितीने सरनाम्यातून देव वगळला, त्याच समितीने सरकारला देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत जाण्याचा रस्ता करून दिला. माझ्या मते या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि एकीशिवाय दुसरी समजत नाही.

आधी पहिली गोष्ट. सरनाम्यातला वाद भक्तीचा नव्हताच, सत्ता कुठून येते याचा होता. हे समजायला दिल्लीहून कराचीला जावे लागते. सातच महिने आधी, ७ मार्च १९४९ रोजी, पंतप्रधान लियाकत अली खान यांनी पाकिस्तानच्या घटना समितीत उद्दिष्टांचा ठराव मांडला. साऱ्या विश्वाचे सार्वभौमत्व अल्लाचे आहे, त्याने घालून दिलेल्या मर्यादेत ते पाकिस्तानच्या लोकांमार्फत राज्याकडे पवित्र ठेव म्हणून आले आहे, असा त्याचा आशय होता. अल्पसंख्याकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहील, हेही त्यात होते. लियाकत अली काही धर्मवेडे नव्हते. राज्य मुल्लांच्या हाती जाणार नाही, असे त्यांनी भाषणात आवर्जून सांगितले.

समोर विरोधी बाकांवर होते पूर्व बंगालचे हिंदू सदस्य. श्रीशचंद्र चट्टोपाध्याय त्यांचे नेते. भूपेंद्रकुमार दत्तांनी काढलेला मुद्दा आजही धारदार वाटतो: राजकारण तर्काच्या प्रांतातले, धर्म श्रद्धेच्या. दोन्ही एकत्र केले की उद्या सरकारवर केलेली टीका धर्मावरची टीका ठरेल. जिना असते तर हा ठराव या रूपात आला नसता, असेही ते म्हणाले. जिनांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. विरोधकांच्या उपसूचना २१ विरुद्ध १० मतांनी फेटाळल्या गेल्या आणि १२ मार्चला ठराव मंजूर झाला. मतांची फाळणी धर्मानुसारच झाली होती. १९५६ च्या घटनेत पाकिस्तान इस्लामी प्रजासत्ताक झाला, राष्ट्राध्यक्ष मुसलमानच असला पाहिजे अशी अट आली, आणि १९८५ मध्ये जनरल झिया उल हक यांच्या काळात तो ठराव घटनेचा अंमलात येणारा भाग बनला.

हा ठराव करणाऱ्या पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल मात्र बंगालचे दलित नेते होते. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांना घटना समितीत पाठवायला मुंबईचे दरवाजे बंद होते, तेव्हा बंगालमधून त्यांच्या निवडीची खटपट याच मंडलांनी केली. फाळणीने ती जागा गेली आणि बाबासाहेब १९४७ च्या जुलैत मुंबईतून, मुकुंदराव जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर पुन्हा निवडून आले. मंडल तिकडे राहिले. १९५० च्या ऑक्टोबरात तेही राजीनामा देऊन भारतात परतले.

कराचीत जे दहा जण हरले त्यांचे म्हणणे आणि दिल्लीत जे अडुसष्ट जिंकले त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांचे म्हणणे जवळजवळ एकच होते. फरक एवढाच की दिल्लीत ते म्हणणारे कुंझरू आणि थाणू पिळ्ळै बहुसंख्य धर्मातले होते. देवाचे नाव घेतल्याने त्यांचे स्वतःचे काहीच जाणार नव्हते. तरी ते बोलले. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेकडून आपण मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना उचलली, पण तिच्या सरनाम्यात असलेले ख्रिस्ती पवित्र त्रैक्याचे नाव पाहून तसले काही आपल्याकडे आणले नाही, हेही या संदर्भात लक्षात घ्यावे.

धर्म राज्यकारभारात शिरण्याची दुसरी वाट सरनाम्याहून फार जुनी होती आणि फार नुकसान करून गेली होती: मतदारयादी. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले, १९१९ मध्ये त्यात शीख आले, १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांपर्यंत हात नेला आणि त्यातून येरवड्याचा पुणे करार झाला. माणूस कोणत्या धर्माचा यावरून त्याने मत कुणाला द्यायचे हे ठरत होते. १९४७ च्या ऑगस्टमध्ये घटना समितीने विभक्त मतदारसंघ मोडीत काढले, मात्र संयुक्त मतदारसंघात धर्माच्या आधारावर काही जागा राखीव ठेवल्या. मे १९४९ मध्ये सरदार पटेलांच्या सल्लागार समितीने त्याही काढल्या. अल्पसंख्याकांच्या पोटसमितीचे अध्यक्ष होते हरेंद्रकुमार मुखर्जी, बंगाली ख्रिस्ती. घटना समितीतल्या एकमेव मुस्लिम महिला बेगम ऐजाझ रसूल यांनी राखीव जागा म्हणजे स्वतःवरच उलटणारे शस्त्र आहे, त्याने अल्पसंख्य कायमचे वेगळे पडतात, अशी भूमिका घेतली. मद्रासचे महंमद इस्माईल विभक्त मतदारसंघांसाठी शेवटपर्यंत भांडले आणि हरले.

यादीतून धर्म पुसला, पण पूर्ण नाही. राखीव जागा उरल्या त्या अनुसूचित जाती आणि जमातींसाठी, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असे ठरवले, पंजाबातल्या चार शीख जाती तेवढ्या अपवाद. सगळ्या शिखांना ती सवलत मिळायला १९५६ उजाडले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांचेच अनुयायी त्यामुळे केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीबाहेर गेले आणि १९९० पर्यंत बाहेर राहिले. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत जातीच्या दाखल्यावर एक धर्म आणि देव्हाऱ्यात दुसरा, ही कसरत त्यातून आली. धर्म न विचारणाऱ्या राज्याने विचारलेला हा प्रश्न होता.

आता देवळाकडे वळू.

मूलभूत हक्कांचा मसुदा करणारी पोटसमिती कृपलानींच्या अध्यक्षतेखाली १९४७ च्या वसंतात काम करत होती. धर्म ‘पाळण्याचे’ स्वातंत्र्य द्यायचे, असा मजकूर तिच्यापुढे होता. त्यात कुणाला खटकण्यासारखे काय असणार? दोन बायकांना खटकले. राजकुमारी अमृत कौर यांनी ३१ मार्चला समितीचे सल्लागार बी. एन. राव यांना पत्र लिहून कळवले की धर्म पाळण्याचा बिनशर्त हक्क दिलात, तर पडदा, बालविवाह, बहुपत्नीत्व, वारसाहक्कातली विषमता, आंतरजातीय विवाहाला बंदी, देवाला मुली सोडणे हे सारे त्या हक्काच्या आडोशाला जाईल आणि आजवर झालेले सुधारणेचे कायदेही धोक्यात येतील. मुंबईच्या हंसा मेहता त्यांच्या बाजूने होत्या. घटना समितीच्या इतिहासात भाषणांना फार महत्त्व दिले जाते. माझे मत विचाराल तर धर्म आणि सरकार यांच्या आपल्याकडच्या नात्यावर सर्वांत खोल ठसा या पत्राचा आहे.

त्याचा परिणाम आजच्या २५ व्या कलमात दिसतो. हे कलम जवळून वाचण्यासारखे आहे. भाषणस्वातंत्र्याचे १९ वे कलम आधी हक्क देते आणि मग खालच्या पोटकलमांत बंधने घालते. २५ वे कलम उलट्या दिशेने चालते: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि या भागातल्या इतर तरतुदी यांच्या अधीन राहून, असे आधी बजावते आणि मग सद्सद्विवेकाचे व धर्माचे स्वातंत्र्य देते. तेवढ्यावर न थांबता पुढच्या पोटकलमात सरकारला दोन अधिकार मिळतात. धर्माशी जोडलेल्या आर्थिक, राजकीय किंवा इतर ऐहिक व्यवहारांचे नियमन करण्याचा, आणि सामाजिक सुधारणेचा. हिंदूंची सार्वजनिक स्वरूपाची धर्मस्थाने हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार या दुसऱ्यात येतो.

या शेवटच्या वाक्यामागे मराठी माणसाला पंढरपूर दिसले नाही तरच नवल. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. नेमक्या त्याच दिवशी दिल्लीत घटना समिती धर्मस्वातंत्र्याच्या कलमांवर बोलत होती. अस्पृश्यता नष्ट करण्याचे कलम दोनच दिवस आधी, २९ एप्रिलला, मान्य झाले होते. इकडे बडव्यांशी वाटाघाटी चालल्या होत्या, तिकडे धर्मप्रचाराचा हक्क द्यावा की नाही, सक्तीचे धर्मांतर कसे रोखावे, यावर खल चालला होता. दहा-अकरा दिवसांनी बडव्यांनी मान तुकवली आणि गुरुजींचे उपोषण सुटले. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह सुरू झाला, तो वर्षानुवर्षे चालूनही देवळाचे दार उघडले नव्हते. पंढरपुरात एका संतवृत्तीच्या माणसाचे प्राण पणाला लागल्यावर उघडले. आता दार उघडण्यासाठी कुणाचा जीव टांगणीला लावायची गरज राहू नये, म्हणून कायद्याचा हात हवा होता. १९४७ मध्येच मुंबई सरकारने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला, आणि घटनेने त्या प्रकारच्या कायद्यांना पक्का पाया दिला.

इथे माझा जोडणीचा मुद्दा येतो. सरकारची सत्ता देवाकडून आली असती तर देवाच्या दारातल्या रूढीला हात लावताना त्याला धर्माधिकाऱ्याची संमती शोधावी लागली असती. सत्ता लोकांकडून आली, आणि ज्यांना देवळाबाहेर उभे केले होते तेही त्या लोकांतच होते.

बाबासाहेबांनी हे २ डिसेंबर १९४८ च्या भाषणात अगदी सरळ मांडले. आपल्या देशात धर्माची कल्पना इतकी अफाट आहे की जन्मापासून मरणापर्यंत एकही गोष्ट तिच्याबाहेर राहत नाही. ते सगळेच धर्म म्हणून राखायचे तर सामाजिक सुधारणा ठप्पच होईल. म्हणून धर्माची व्याख्या श्रद्धा आणि मूलतः धार्मिक असलेले विधी यांच्यापुरती आखली पाहिजे. दुसऱ्याच दिवशी, ३ डिसेंबरला, प्रा. के. टी. शहांनी सुचवले की राज्य ऐहिक असल्याने कोणत्याही धर्माशी किंवा पंथाशी त्याचा काही संबंध राहणार नाही, असे स्पष्ट लिहा. समितीने तेही फेटाळले. त्याआधी, १५ नोव्हेंबरला, पहिल्या कलमात धर्मनिरपेक्ष आणि समाजवादी हे शब्द घालण्याची त्यांचीच उपसूचना पडली होती. ते दोन्ही शब्द सरनाम्यात आले १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने, आणीबाणीत. म्हणजे देवाचे नाव घेणेही नामंजूर आणि धर्माशी संबंध तोडणेही नामंजूर. कामत हरले तसे शहाही हरले.

संबंध न तोडण्याचा एक नमुना तर रुपये-पैशांत मोजता येतो. त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने १७५० मध्ये आपले अख्खे राज्य पद्मनाभस्वामीला अर्पण केले आणि तेव्हापासून तिथले राजे देवाचे दास म्हणून कारभार पाहत. देवळांच्या जमिनी राज्याने ताब्यात घेतल्या होत्या, त्या बदल्यात देवळांचा खर्च राज्य उचलत असे. विलीनीकरणाच्या करारात हा खर्च पुढे चालू ठेवण्याचे ठरले आणि तो थेट घटनेत आला. आजच्या २९०-अ कलमानुसार केरळच्या संचित निधीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोर देवस्वम निधीला आणि तमिळनाडूतून १३ लाख ५० हजार रुपये तिथल्या देवस्वम निधीला द्यायचे आहेत. थाणू पिळ्ळै याच त्रावणकोरचे, आणि १९४८ मध्ये तिथले पंतप्रधान. ज्या संस्थानात देवच राजा होता तिथल्या नेत्याने सरनाम्यात देव नको म्हणावे, हे मला विसंगत वाटत नाही. देवाच्या नावाने कारभार कसा चालतो हे त्यांना इतरांपेक्षा जवळून ठाऊक होते.

शपथेच्या बाबतीत मात्र कामतांचे थोडे चालले. राष्ट्रपतींच्या शपथेवर डिसेंबर १९४८ मध्ये चर्चा झाली तेव्हा त्यांनी आणि महावीर त्यागींनी ईश्वराचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. आज तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो’ असे दोन पर्याय आहेत. मंत्र्याने हवा तो घ्यावा. ही सोय कुणाला पळवाट वाटली तरी थाणू पिळ्ळैंचा मुद्दा तीच पाळते: ज्याचा देव त्याच्या तोंडी. आणि सरनाम्यातून गेलेले देव घटनेच्या हस्तलिखित प्रतीत चित्रांतून आलेच. नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या चमूने सजवलेल्या त्या प्रतीत मूलभूत हक्कांच्या भागावर राम-सीता-लक्ष्मण आहेत, मार्गदर्शक तत्त्वांवर कृष्णार्जुन, पुढे बुद्ध, महावीर, अकबर, आणि निवडणुकांच्या भागावर गुरू गोविंदसिंगांबरोबर आपले शिवाजी महाराज. चित्रांना कायद्याचे बळ नसते, म्हणून त्यांच्यावर मतदान मागायची वेळ कुणावर आली नाही.

देवळात शिरलेल्या सरकारच्या मागोमाग न्यायालयही शिरले. कोणता विधी धर्माचा मूळ भाग आणि कोणता नाही, हे १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यापासून न्यायाधीश ठरवू लागले. १९५८ मध्ये मुल्कीच्या गौड सारस्वत ब्राह्मणांच्या व्यंकटरमण देवळाचा निकाल लागला: देवळाचा कारभार पाहण्याचा संप्रदायाचा हक्क मान्य, पण दार सर्व हिंदूंना खुले करण्याचा कायदा त्याच्या वरचढ.

सर्वांत बोलका खटला अहमदाबादचा. मुंबईचा मंदिर प्रवेश कायदा आपल्याला लागू होऊ नये म्हणून स्वामीनारायण पंथाच्या सत्संगींनी जानेवारी १९४८ मध्ये दावा लावला. आमचा पंथ वेगळा, आम्ही हिंदूच नाही, त्यामुळे आमची मंदिरे या कायद्यात बसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. अठरा वर्षांनी, १४ जानेवारी १९६६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तो लिहिला होता साताऱ्याच्या सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. हिंदू कोण, हे सांगण्यासाठी त्यांनी लोकमान्य टिळकांची व्याख्या घेतली: वेदांविषयी आदर, साधनांची अनेकता आणि उपास्य देवतांना नसलेली मर्यादा. तिच्या आधारे सत्संगी हिंदूच ठरले आणि त्यांचा दावा फेटाळला गेला. देवाच्या नावाविना स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाच्या सरन्यायाधीशांनी निकालाच्या शेवटी भक्तांना असेही सुनावले की तुमची भीती अज्ञानातून आणि अंधश्रद्धेतून आली आहे, आणि खुद्द स्वामीनारायणांची शिकवणही तुम्हाला नीट कळलेली नाही.